बोअरचं पाणी, एक्सेल शीट आणि 'नऊ' हा आकडा

आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना माझ्या तोंडात येणारे "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" जरा कमी केलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय. या भागात आकडेमोड बरीच आहे. त्यामुळे बसमध्ये ऐकताना काही निसटलं असेल तर इथे सावकाश वाचा. मोबाईलचा कॅल्क्युलेटर उघडा ठेवलात तर उत्तमच.

सुरुवात एका मेसेजपासून करू. नांदेड जिल्ह्यातल्या एका श्रोत्याने दोन फोटो पाठवले. पहिला फोटो घरच्या बोअरच्या पाणी तपासणी अहवालाचा. त्यात फ्लोराइड २.४ मिलिग्रॅम प्रति लिटर आणि नायट्रेट ९० मिलिग्रॅम प्रति लिटर. दुसरा फोटो एका एक्सेल शीटचा. ही 'हेल्थ रिस्क' काढणारी शीट त्याला नेटवर मिळाली होती. त्याने अहवालातले आकडे भरले, आणि मोठ्या माणसासाठी नायट्रेटचा आकडा आला २.३४, तर बाळासाठी आला ९. रकाना लालभडक.

खाली मेसेज होता: "दादा, नऊ म्हणजे काय? नऊ टक्के? ताई पुढच्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी येतेय. तिला येऊ नको म्हणू का?"

प्रश्न साधा नाही. एका आकड्यावर घरातला एक मोठा निर्णय अडलाय. म्हणून आजचा भाग त्याच आकड्यावर: सॉफ्टवेअर तो कसा काढतं, तो काय सांगतो आणि काय सांगत नाही.

आधी अहवाल वाचू

आपल्याकडे पिण्याच्या पाण्याचं मानक आहे आयएस १०५००, सन २०१२ ची आवृत्ती. त्यात फ्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा १ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. नायट्रेटची मर्यादा ४५, आणि तिथे सवलत नाही. म्हणजे हे पाणी दोन्ही बाबतीत नापास. एवढं कळायला सॉफ्टवेअर लागत नाही.

दोन्ही पदार्थ पाण्यात येतात कुठून? फ्लोराइड बहुतेक वेळा खडकातून येतं. ग्रॅनाइटसारख्या खडकात फ्लोराइड असलेली खनिजं असतात आणि पाणी त्यांच्या सहवासात जितका जास्त काळ राहील तितकं फ्लोराइड त्यात उतरतं. म्हणून खोल बोअरमध्ये ते जास्त सापडण्याची शक्यता असते. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांच्या काही भागांत हा जुना प्रश्न आहे. नायट्रेटची गोष्ट उलटी. ते वरून झिरपतं: युरिया, गोठा, उकिरडा, शोषखड्डा. एकाच बोअरमध्ये दोन्ही सापडले म्हणजे खालचा खडक आणि वरचं अंगण दोघांचीही सही त्या पाण्यावर आहे.

दोन्हींना रंग नाही, वास नाही, त्या प्रमाणात चवही नाही. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं. म्हणूनच अहवाल आणि आकडेमोड लागते.

सॉफ्टवेअरच्या आत काय असतं?

'रिस्क असेसमेंट सॉफ्टवेअर' म्हटलं की वाटतं आत काहीतरी भारी चाललंय. पिण्याच्या पाण्यापुरतं बोलायचं तर आत शाळेतलं गणित आहे. पद्धत मुख्यतः अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची, म्हणजे ईपीएची. जगभर, आपल्या विद्यापीठांतही, तीच वापरतात.

पहिली पायरी, रोजचा डोस. पाण्यात पदार्थ किती, गुणिले माणूस रोज किती लिटर पितो, भागिले त्याचं वजन. (वर्षातले किती दिवस आणि किती वर्षं हेही त्यात असतं, पण रोज तेच पाणी पिणाऱ्यासाठी आपल्या उदाहरणात ते कटतं.) उत्तर येतं मिलिग्रॅम, दर किलो वजनामागे, दर दिवशी.

दुसरी पायरी, तुलना. प्रत्येक पदार्थाचा एक 'रेफरन्स डोस' ठरलेला असतो: आयुष्यभर रोज इतका पोटात गेला तरी त्रास होण्याची लक्षणीय शक्यता नाही, असा अंदाज. फ्लोराइडसाठी ईपीएचा आकडा आहे ०.०६. आपला डोस भागिले हा रेफरन्स डोस. जे उत्तर येतं त्याला म्हणतात हॅझर्ड कोशंट. आपण त्याला धोका-भागाकार म्हणू.

आता त्या बोअरचं २.४ फ्लोराइड घेऊ.

साठ किलोचा माणूस, रोज अडीच लिटर पाणी. २.४ गुणिले २.५ भागिले ६०, उत्तर ०.१. त्याला ०.०६ ने भागलं की १.६७.

पंधरा किलोचं मूल, रोज एक लिटर. २.४ भागिले १५, म्हणजे ०.१६. भागाकार २.६७.

पन्नास किलोची, उन्हाळ्यात शेतात राबणारी बाई, दिवसाला पाच लिटर. भागाकार ४.

सत्तर किलोचा, एसीत बसणारा, दीड लिटरवर भागवणारा माणूस. भागाकार ०.८६.

बोअर एकच, अहवाल एकच आणि आकडा ०.८६ पासून ४ पर्यंत. कागदावर फक्त 'पाणी नापास' लिहिलेलं असतं. कोणासाठी किती नापास, हे या भागाकारातून कळतं. त्याचा खरा उपयोग हाच.

एकच्या वर म्हणजे आजार?

नाही. ही चूक सगळ्यात जास्त होते. धोका-भागाकार ही टक्केवारी नाही, शक्यताही नाही. ४ आला म्हणजे आजाराची शक्यता चौपट झाली असं नाही. आपण संदर्भ-रेषेच्या चौपट डोस घेतोय, इतकाच त्याचा अर्थ. एकच्या आत असलात तर चिंता कमी. एकच्या वर गेलात तर लक्ष द्या, आणि जितके वर तितकं लवकर द्या.

गंमत बघा. त्याच पंधरा किलोच्या मुलाला १ मिलिग्रॅमचं, म्हणजे मानकात बसणारं पाणी द्या. भागाकार येतो १.११. मग सरकारी मर्यादा खोटी का? तसं नाही. फ्लोराइडचा तो ०.०६ चा आकडा दातांवरच्या डागांचा विचार करून ठरवलाय, हाडं वाकण्यावरून नाही. रेषा ओलांडल्यावर पुढे काय होऊ शकतं, हे पदार्थागणिक बदलतं. त्यामुळे आकड्याशेजारी कायम एक प्रश्न लिहा: ही रेषा कशासाठी आखली होती?

आता तो 'नऊ'

श्रोत्याच्या शीटमध्ये नायट्रेटचा रेफरन्स डोस होता १.६. आकडा बरोबर आहे, ईपीएचाच आहे. पण तो 'नायट्रेट-नायट्रोजन'साठी आहे, म्हणजे नायट्रेटमधल्या फक्त नायट्रोजनचं वजन धरून. आपल्या अहवालातलं ९० हे अख्ख्या नायट्रेटचं वजन आहे, नायट्रोजन अधिक तीन ऑक्सिजन. अख्ख्या नायट्रेटच्या ६२ भागांत नायट्रोजन फक्त १४ भाग. म्हणून ९० नायट्रेट म्हणजे साधारण २०.३ नायट्रोजन.

शीट हे विचारतच नाही. तुम्ही ९० टाकलं, तिने १.६ ने भागलं, विषय संपला.

आता नीट करू. बाळ पाच किलोचं, वरच्या दुधासाठी दिवसाला ०.८ लिटर पाणी. २०.३ गुणिले ०.८ भागिले ५, म्हणजे ३.२५. त्याला १.६ ने भागलं की २.०३. नऊ नाही, दोन.

साठ किलोच्या मोठ्या माणसाचं काय? शीट म्हणाली २.३४, म्हणजे लाल. खरं उत्तर ०.५३, म्हणजे हिरवं. एका एककाच्या गडबडीने रंगच बदलला. नेटवरच्या शीटचं सोडा, छापून आलेल्या अभ्यासांतही ही गल्लत होते. त्यामुळे कुठेही नायट्रेट आणि १.६ शेजारी दिसले की आधी एकक बघा.

उलटी चूक तर आणखी वाईट. काही प्रयोगशाळा निकाल 'नायट्रोजन म्हणून' देतात. समजा अहवालात २० आलं. तुम्ही म्हणाल, मर्यादा ४५, आपण पास. पण २० नायट्रोजन म्हणजे जवळपास ८९ नायट्रेट. सपशेल नापास. म्हणून अहवाल हातात आला की पहिलं काम, 'एनओ३ म्हणून' लिहिलंय की 'एन म्हणून' हे शोधा. लिहिलं नसेल तर फोन करून विचारा.

मोठा आकडा म्हणजे मोठी घाई?

पाच किलोच्या त्याच बाळाचं फ्लोराइड काढलं तर भागाकार येतो ६.४. नायट्रेटचा २. मग फ्लोराइड जास्त तातडीचं? नाही. इथे सॉफ्टवेअर गप्प बसतं आणि आपल्याला बोलावं लागतं.

फ्लोराइडचा परिणाम महिने-वर्षं साचत जातो. दात हिरडीच्या आत तयार होत असतात तेव्हा जास्त फ्लोराइड गेलं की पुढे त्यांच्यावर पांढरे-तपकिरी डाग दिसतात. खूप वर्षं खूप प्रमाणात गेलं तर हाडं आणि सांधे ताठरतात.

नायट्रेट तान्ह्या बाळात काही दिवसांतही दगा देऊ शकतं. शरीरात त्याचं नायट्राइट होतं आणि ते हिमोग्लोबिनची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद काढून घेतं. बाळ निळसर पडतं, म्हणून नाव 'ब्लू बेबी'. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉम्ली या डॉक्टरने विहिरीच्या पाण्यात कालवलेल्या दुधाशी याचा संबंध पहिल्यांदा मांडला. सहा महिन्यांच्या आतल्या, वरच्या दुधावरच्या बाळांना धोका सगळ्यात जास्त.

म्हणजे इथे २ हा आकडा ६.४ पेक्षा घाईचा आहे. आणि म्हणूनच दोन पदार्थांचे भागाकार डोळे झाकून बेरजेला लावू नका. बऱ्याच शीट 'हॅझर्ड इंडेक्स' म्हणून ही बेरीज देतात. ढोबळ चाळणी म्हणून ठीक आहे, पण एक रक्तावर काम करतो आणि दुसरा दात-हाडांवर. त्यांची बेरीज म्हणजे किलोमीटर आणि किलोग्रॅम एकत्र मोजणं झालं.

'डिफॉल्ट' कोणाच्या घरचे?

ईपीएचं स्वतःचं ऑनलाइन कॅल्क्युलेटर मोफत आहे. त्यात काहीच न बदलता बटण दाबलंत तर तो माणूस असतो ८० किलोचा, दिवसाला अडीच लिटर पिणारा आणि वर्षात ३५० दिवस घरी असणारा. उरलेले पंधरा दिवस तो घराबाहेर असतो असं धरलंय. आता ४५ किलोची आपली आजी, जी मे महिन्यात चार लिटर पाणी पिते आणि गाव सोडून कुठे जात नाही, ती या साच्यात बसते का? आकडे बदलायची सोय असते. बदला. घरातल्यांचं वजन विचारा. दिवसाला किती तांबे पाणी होतं, ते एकदा मोजून बघा.

आणखी एक. पाणी आपण नुसतं पीत नाही. भात, वरण, भाकरीचं पीठ, सगळ्यात ते पाणी जातं. चहाच्या पानांत तर स्वतःचं फ्लोराइड असतं. शीटमध्ये फक्त 'पिण्याचं पाणी' धरलं असेल तर खरा डोस त्याहून जास्त.

वजन, पाणी, दिवस हे सगळं प्रत्येकाचं वेगळं, मग गावाचा एक आकडा कसा काढायचा? त्यासाठी माँटे कार्लो पद्धत आहे. सॉफ्टवेअर कागदावरची दहा हजार माणसं तयार करतं. कोणाला ४२ किलो वजन, कोणाला ७१, कोणाला दोन लिटर, कोणाला साडेचार, ठरवून दिलेल्या मर्यादेत चिठ्ठ्या काढल्यासारखं. मग प्रत्येकाचा भागाकार काढतं आणि सांगतं: शंभरातल्या पंचाण्णवांचा आकडा याच्या आत आहे. पायथॉनमध्ये हे थोड्या ओळींत होतं, एक्सेलमध्येही जमतं. पण चिठ्ठ्यांच्या डब्यात चुकीचं एकक टाकलंत तर दहा हजार वेळा चुकीचं उत्तर मिळेल, आणि तेही रुबाबदार आलेखासकट.

रंगीत नकाशे पाहतानाही हेच भान ठेवा. क्यूजीआयएससारखं सॉफ्टवेअर तपासलेल्या विहिरींच्या ठिपक्यांमधली जागा अंदाजाने रंगवतं. आपल्याकडच्या कठीण खडकात पाणी भेगांतून वाहतं. शेजारच्या बोअरचं पाणी वेगळं निघू शकतं. नकाशात तुमचं घर हिरव्यात आलं म्हणून तुमचं बोअर तपासलं गेलं असं होत नाही.

शीट कधीची आहे तेही बघा. ईपीएने जानेवारी २०२५ मध्ये आर्सेनिकचा रेफरन्स डोस ०.०००३ वरून ०.००००६ वर आणला. पाणी तेच, पण नव्या आकड्याने भागाकार पाचपट. पश्चिम बंगाल, बिहारमधल्या हातपंपांसाठी ही बारीकसारीक गोष्ट नाही.

शेवटी, या सगळ्या हिशेबात जंतू नाहीत. भागाकार ०.२ आला तरी त्याच पाण्याने जुलाब होऊ शकतात. ती तपासणी वेगळी.

मग ताईने यायचं का?

यायचं. जरूर यायचं. पाणी मात्र बदलायचं. मी श्रोत्याला जे सांगितलं, तेच इथे देतो.

पहिलं, पाणी उकळून हा प्रश्न सुटत नाही. उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट आणि फ्लोराइड जागेवरच राहतात. पाणी आटल्यामुळे उलट थोडे वाढतात. कँडलचा फिल्टर आणि यूव्ही यांचाही इथे उपयोग नाही. चालू स्थितीतला आरओ दोन्ही कमी करतो, पण आरओमधून निघालेलं पाणीही एकदा तपासून घ्या.

दुसरं, पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध. पाण्याचा थेंब नाही, मधाचं बोट नाही, घुटी नाही. आईने प्यायलेल्या पाण्यातलं नायट्रेट दुधात फारसं उतरत नाही, त्यामुळे हा सगळ्यात स्वस्त आणि पक्का उपाय आहे. वरचं दूध द्यावंच लागलं तर या बोअरच्या पाण्यात ते कालवू नका. बाळाचे ओठ, नखं निळसर दिसली तर वाट बघायची नाही, थेट दवाखाना गाठायचा. ताईच्या डॉक्टरांनाही पाण्याचा अहवाल दाखवा.

तिसरं, सगळं पाणी बदलायची गरज नाही. फ्लोराइड आणि नायट्रेट कातडीतून जवळजवळ शिरत नाहीत. आंघोळ, धुणी, भांडी त्याच बोअरवर चालतील. फक्त पिण्याचं आणि स्वयंपाकाचं वेगळं आणा. माणशी दिवसाला काही लिटरच ते. (पेट्रोल किंवा कारखान्याच्या सॉल्व्हंटने पाणी बिघडलं असेल तर हा नियम लागू नाही. तिथे आंघोळीची वाफही हिशेबात येते.)

चौथं, जारचं पाणी आणणार असाल तर जारवाल्याला तपासणी अहवाल मागा. थंड केलेलं पाणी म्हणजे शुद्ध केलेलं पाणी नव्हे. ते गावातल्याच दुसऱ्या बोअरचं असू शकतं.

पाचवं, ग्रामपंचायतीत जा. गावात पाण्याचे नमुने घेणारे जलसुरक्षक असतात, किट वापरायचं प्रशिक्षण घेतलेल्या महिला असतात. जिल्ह्यात आणि उपविभागात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत. पावसाळ्याआधी आणि नंतर, असं दोनदा तपासा. नायट्रेट ऋतूप्रमाणे हलतं. फ्लोराइड काढायला तुरटी आणि चुना वापरायची 'नलगोंडा' पद्धत आहे, आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेली. पण तिचं प्रमाण पाणी तपासून ठरवतात. घरी अंदाजाने तुरटी फिरवून फ्लोराइड जात नाही.

आता तुम्हाला एक काम. घरच्या पाण्याचा अहवाल असेल तर शोधा, नसेल तर या महिन्यात नमुना द्या. मग कागदावर घरातल्या सगळ्यांची नावं, वजनं आणि रोजचं पाणी लिहा. प्रत्येकाचा भागाकार हाताने काढा. एका घरात एकाच माठातलं पाणी कोणाला सगळ्यात जास्त महागात पडतंय, ते पाच मिनिटांत कळेल. बहुतेक वेळा ते घरातलं सगळ्यात लहान माणूस असतं, किंवा उन्हात सगळ्यात जास्त राबणारं.

श्रोत्याचा नंतर मेसेज आला: "ताई येतेय. शीटमध्ये १.६ च्या शेजारी 'नायट्रोजन' लिहून ठेवलंय." मी म्हटलं, झकास. तीच शीट आता गावच्या ग्रुपवर टाक.

अहवाल वाचताना अडलात तर कमेंटमध्ये विचारा, एकक लिहायला विसरू नका. भेटू पुढच्या भागात!